तरुणांची तयारी

सायंकाळचे सहा वाजून गेले म्हणजे आमच्या रामदासपेठेंतील रस्त्यांवर दोन प्रकारचे लोक दिसूं लागतात. एक आमच्यासारखे, नोकरींतून मोकळे झालेले, डॉक्टरांच्या आज्ञेवरून फिरावयास निघालेले. दुसरे, पाठीला जड दप्तर अडकवून एका शिकवणीच्या वर्गांतून दुसऱ्या वर्गाकडे दुचाकीवरून धांवणारे विद्यार्थी. लेंड्रा पार्कच्या आसपास या दोन प्रवाहांची रोज गांठ पडते, आणि एखादा मुलगा कानांत यंत्र घालून, समोर न पाहतां, आमच्या काठीला चाटून गेला कीं आमच्यापैकीं कोणी तरी ठराविक उद्गार काढतो, "उद्यां सर्व कारभार ह्यांच्या हातीं जाणार! कसें व्हायचें?" हा उद्गार आम्हींही अनेकदां काढला आहे, आणि तो काढतांना मनाला एक प्रकारचें समाधान वाटतें, हेंही कबूल केलें पाहिजे.

आजचे तरुण उद्यांचें नेतृत्व करण्यास सिद्ध आहेत काय, हा प्रश्न कांहीं नवा नाहीं. प्रत्येक पिढीनें तो आपल्या मागून येणाऱ्या पिढीविषयीं विचारला आहे. परंतु प्रश्न जुना आहे एवढ्यावरून तो पोकळ ठरत नाहीं. ज्या घरांत आपण राहतों तें उद्यां कोणाच्या हातीं जाणार, याची काळजी वाटणें स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे. मात्र तो आम्ही परीक्षकाच्या खुर्चीवर बसून करणार नाहीं. आमच्याच हातून घडलेल्या एका गोष्टीमुळें ती खुर्ची आम्हांस सोडावी लागली आहे. ती गोष्ट यथास्थळीं सांगूं.

या प्रश्नाचीं दोन आयतीं उत्तरें नेहमीं ऐकूं येतात. पहिलें असें कीं, आजची पिढी सुखासीन आहे, वाचन नाहीं, चिकाटी नाहीं, डोळे सदा हातांतील यंत्रावर खिळलेले. तिच्याकडून कांहीं व्हावयाचें नाहीं. दुसरें उत्तर पदवीदानाच्या व पारितोषिक-वितरणाच्या समारंभांत ऐकूं येतें : तरुण हेच राष्ट्राचें खरें धन, उद्यांचा भारत त्यांच्याच खांद्यावर उभा राहणार, इत्यादि. पहिलें उत्तर देणारा आपलें स्वतःचें तारुण्य विसरलेला असतो. दुसरें देणाऱ्यास बहुधा तरुणांकडून टाळ्या किंवा मतें हवीं असतात. या दोन्ही उत्तरांचा एक मोठा सोयीचा गुण आहे. तीं दिल्यानें देणाऱ्यावर कसलीच जबाबदारी येत नाहीं. निंदा केली काय किंवा स्तुति केली काय, आपण घरीं जाऊन जेवावयास मोकळे!

म्हणून आरंभीं ‘तयारी’ या शब्दाकडेच थोडें पाहूं. हल्लीं आमच्या घरांतून हा शब्द एकाच अर्थानें ऐकूं येतो. "मुलगा काय करतो?" "तयारी करतो." कशाची, हें सांगावें लागत नाहीं. ती नीटची असते, जेईईची असते, नाहीं तर लोकसेवा आयोगाची. २०२४ सालच्या नीट परीक्षेस देशभरांतून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, आणि एम्.बी.बी.एस्.च्या जागा होत्या सुमारें १ लाख ८ हजार. म्हणजे वीस-बावीस मुलांमागें एक. अशा शर्यतींत मुलांनीं मान वर करून पाहूं नये यांत नवल नाहीं. त्याच परीक्षेची प्रश्नपत्रिका पाटणा व हजारीबाग येथें फुटली, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयानेंही आपल्या निकालांत मान्य केली. परीक्षा मुलांची होती. परंतु त्या प्रसंगीं अनुत्तीर्ण कोण झालें, हें वाचकांनींच ठरवावें.

गवयांच्या बोलींत याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. एखाद्याच्या गळ्याची तयारी उत्तम आहे असें म्हणतात, तेव्हां त्यानें किती वर्षें रियाझ केला हें तर त्यांत येतेंच. पण ती तयारी ऐकूं येते ती बैठकींत, जाणत्यांच्या समोर गळा मोकळा सोडल्यावर. आणि बैठकींत बसण्याआधीं वर्षानुवर्षें शिष्य गुरूच्या मागें तंबोरा घेऊन बसलेला असतो. गुरु मध्येंच थांबतो, शिष्याकडे पाहतो, आणि एक आवर्तन त्याच्यासाठीं सोडतो. त्या एका आवर्तनांत शिष्य चुकला तर गुरु तें सांवरून घेतो. साधलें तर श्रोत्यांची दाद शिष्याला मिळते. आपल्या घरांतील तयारींत हें सोडलेलें आवर्तन कोठें आहे? आम्हीं मुलांना खोली दिली, पुस्तकें दिलीं, शिकवणीची फी भरली, रात्रीं दूध दिलें. चार माणसांच्या देखत, चार माणसांच्या वतीनें कांहीं करून पाहण्याची संधि मात्र आम्हीं दिली नाहीं.

नेतृत्व म्हणजे तरी काय? आमच्या समजुतीप्रमाणें त्याचे तीन भाग आहेत. दुसऱ्यांच्या वतीनें निर्णय घेणें, त्या निर्णयाचें बरें-वाईट आपल्या अंगावर घेणें, आणि मागितला असतां हिशेब देणें. पहिला भाग पुष्कळांना आवडतो. दुसरा थोड्यांना पेलतो. तिसऱ्याच्या वेळीं बहुतेकजण गांवाला गेलेले असतात. हे तीन गुण पुस्तकांतून येत नाहींत, आणि ते अंगीं आल्यावांचून काम द्यावयाचें नाहीं असें म्हटलें तर काम कोणालाच देतां येणार नाहीं. कारण काम दिल्यावांचून ते येतच नाहींत. नेतृत्वाच्या तयारीचें सगळें कोडें या एका गांठींत आहे.

ही गांठ सोडविण्याची एक रीत आमच्या पेठेंतच रोज चाललेली असते. रामदासपेठ म्हणजे दवाखान्यांची पेठ. विदर्भांतून व पलीकडच्या प्रांतांतूनही रोगी येथें येतात. येथील कित्येक नामांकित शस्त्रवैद्यांचे हात शहरांतल्या मेडिकलमध्यें किंवा मेयोमध्यें घडले. जन्मतः कोणाच्याही हातीं सुरी चालत नाहीं. विद्यार्थी आधीं पुस्तकें वाचतो, मग शव चिरतो, मग रोग्याच्या खाटेशीं उभा राहतो. पदवीपूर्वीं वर्षभर इंटर्नशिप करतो, नंतर निवासी डॉक्टर म्हणून रात्री जागवितो. आणि एके दिवशीं त्याच्या हातीं सुरी देऊन त्याचे गुरुजी पलीकडे उभे राहतात. ते पाहतात, क्वचित् बोलतात, हात मात्र मागें ठेवतात. त्या टेबलावर जो पडलेला आहे तो जिवंत मनुष्य आहे, कोणाचा तरी बाप किंवा मुलगी आहे. म्हणजे जेथें चुकीची किंमत सर्वांत अधिक, तेथेंच आपण तरुण हाताला काम द्यावयाची रीत पक्की करून ठेविली आहे. ही रीत नसती तर एका पिढीनंतर शस्त्रक्रिया करणारा कोणीच उरला नसता. सार्वजनिक जीवनांत मात्र, जेथें चुकीची किंमत बहुधा कांहीं हजार रुपये किंवा एखादी फसलेली सभा एवढीच असते, तेथें आम्हांस तरुणांच्या अननुभवाची भीति वाटते!

वडिलांनीं पलीकडे उभें राहावें म्हणजे कसें, याचा एक बोध आपल्या इतिहासांत आहे. पानिपतच्या संहारानंतर १७६१ सालीं माधवराव पेशव्यांच्या अंगावर पेशवाईचीं वस्त्रें पडलीं, तेव्हां त्यांचें वय अवघें सोळा वर्षांचें होतें. घरांतले कर्ते पुरुष रणांत पडलेले, वडील त्या दुःखानें गेलेले, खजिना रिकामा, शत्रु दारांत. सोळा वर्षांचा मुलगा या प्रसंगास सिद्ध होता काय? आजच्या मापानें पाहिलें तर मुळींच नव्हता. राज्यांत अनुभवी वडीलधारें माणूस होतें, तें म्हणजे काका रघुनाथराव. कारभार आपल्या हातीं राहावा असें त्यांना वाटलें, आणि त्यापायीं पुढल्याच वर्षीं काका-पुतण्यांच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या. घरचें युद्ध वाढूं नये म्हणून आळेगांव येथें पुतण्या आपण होऊन काकांच्या स्वाधीन झाला. त्या दोघांत वय कोणाचें अधिक होतें हें सर्वांस ठाऊक आहे. पोक्तपणा कोणाच्या अंगीं अधिक होता हेंही इतिहासानें लिहून ठेविलें आहे. १७६३ सालीं निजाम पुण्यावर चालून आला तेव्हां आमच्या नागपूरचे जानोजी भोसले त्याच्या बाजूस होते, हें येथें लिहितांना आम्हां नागपूरकरांस अंमळ संकोच वाटतो. पुढें ते पेशव्यांकडे वळले आणि राक्षसभुवनावर निजामाचा पराभव झाला. त्यानंतर कारभाराचीं सूत्रें हळूहळू माधवरावांच्या हातीं गेलीं. १७७२ सालीं थेऊर येथें ते वारले तेव्हां सत्तावीस वर्षांचे होते. आणि पानिपतानें मोडलेलें राज्य त्यांनीं या अकरा वर्षांत पुनः उभें केलें होतें.

त्याच दरबारांत दुसरेही एक वडीलधारे गृहस्थ होते : रामशास्त्री प्रभुणे. माधवराव जपजाप्यांत फार वेळ घालवूं लागले, राजकारणासाठीं आलेल्यांस तिष्ठावें लागूं लागलें, तेव्हां शास्त्रीबोवांनीं काशीस जाण्याची परवानगी मागितली, अशी आख्यायिका आहे. ब्राह्मणाचें कर्मच करावयाचें असेल तर राज्य सोडून आपणही चलावें. राज्य करावयाचें असेल तर प्रजेचें काम हाच आपला जप, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. पेशव्यांनीं चूक मान्य केली. या दोन वडिलांतील भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. रघुनाथरावांनीं तरुणाची सत्ता आपल्याकडे ओढली. त्याचे दोष कदाचित् त्यांनाही दिसत असतील, पण त्या दोषांचा उपयोग त्यांनीं आपली जागा राखण्यासाठीं केला. रामशास्त्र्यांनीं दोष तोंडावर सांगितला आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे ठेविला. आज तरुणांविषयीं जो वडीलधारा तक्रार करतो त्यानें स्वतःस एकच प्रश्न विचारावा : आपण यांपैकीं कोण?

सोळा हा आंकडा आमच्या शहराच्या इतिहासांत आणखी एकदां येतो. रामदासपेठेजवळच्या ज्या वस्तीला आज काँग्रेसनगर म्हणतात, तिचें नांव १९२० सालच्या डिसेंबरांत नागपुरास भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाची आठवण देतें. त्या अधिवेशनांत असहकारितेचा जो ठराव झाला त्यांत विद्यार्थ्यांविषयीं मोठा विचारपूर्वक भेद केलेला होता. सोळा वर्षांखालील मुलांना सरकारी शाळांतून काढण्याचें आवाहन त्यांच्या पालकांना होतें, मुलांना नव्हे. सोळा वर्षांच्या व त्यावरील विद्यार्थ्यांना मात्र थेट सांगितलें होतें कीं, अशा संस्थांत राहणें तुमच्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नसेल तर परिणामांची पर्वा न करतां बाहेर पडा. म्हणजे सोळाव्या वर्षीं मनुष्यास स्वतःची विवेकबुद्धि असते, आणि तिच्यासाठीं सोसण्याचा त्यास अधिकार असतो, असें नागपूरच्या त्या मंडपांत देशाच्या पुढाऱ्यांनीं गृहीत धरलें.

हा विश्वास मोठा होता यांत शंका नाहीं. पण त्यापुढचा प्रश्न अधिक कठीण आहे. ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांच्या नुकसानींत विश्वास टाकणारे वांटेकरी झाले काय? १९२२ सालच्या फेब्रुवारींत चळवळ थांबली. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक परत आपापल्या कॉलेजांत गेले, कित्येकांचें शिक्षण कायमचें सुटलें. तरुणांस पुढें करून वडिलांनीं मागें राहावयाचें, हा त्यांच्यावरचा विश्वास नव्हे, हा त्यांचा वापर होय. आणि असा वापर त्या काळापासून आजपर्यंत अनेक पक्षांनीं व पंथांनीं केला आहे. उलट १९२३ सालीं याच शहरांत झेंडा-सत्याग्रह झाला तेव्हां निरनिराळ्या प्रांतांतून तरुण स्वयंसेवक राष्ट्रीय निशाण हातीं घेऊन येत आणि तुरुंगाची वाट धरीत. त्या वेळीं सत्याग्रहाचे नायक जमनालाल बजाज स्वतःही तुरुंगांत गेले. जो स्वतः सोसावयास उभा आहे त्यानेंच दुसऱ्यास सोसावयास सांगावें, हा यांतला धडा आहे.

आतां आजच्या काळाकडे वळूं. अठरा वर्षांच्या नागरिकास मताचा अधिकार १९८९ सालीं मिळाला. त्यापूर्वीं ही मर्यादा एकवीस वर्षांची होती. म्हणजे कायद्यानें तरुणांस तीन वर्षें आधीं प्रौढ मानलें. परंतु त्याच सुमारास त्यांच्या सरावाच्या जागा एकेक करून बंद होऊं लागल्या. महाविद्यालयीन निवडणुकांत हिंसा शिरली. १९८९ सालीं मुंबईंत एका विद्यार्थी-पुढाऱ्याचा खून झाला. आणि १९९४ च्या विद्यापीठ-कायद्यानें खुल्या मतदानाच्या जागीं गुणानुक्रमें प्रतिनिधि नेमण्याची पद्धति आली. २०१६ च्या कायद्यानें निवडणुका पुनः मान्य केल्या, २०१९ सालीं त्या होणार असें जाहीरही झालें, पण त्या पुढें ढकलल्या गेल्या. या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रांतील एक अख्खी पिढी कॉलेजांतून बाहेर पडली, जिनें आपला प्रतिनिधि आपण कधीं निवडला नाहीं, निवडणुकींत पडून पराभव कधीं पचविला नाहीं. हिंसा वाईट होती हें खरें. पण मुलगा सायकलवरून पडला म्हणून सायकलच माळ्यावर टाकून दिली, आणि तो मोठा झाल्यावर "याला सायकल येत नाहीं" अशी तक्रार केली, तर तिला न्याय कसा म्हणावा? शहराच्या कारभाराचीही तीच कथा. नागपूर महानगरपालिकेची मुदत २०२२ सालच्या मार्चांत संपली आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकानें पाहिला. एकवीस वर्षांच्या तरुणास नगरसेवक होण्याचा अधिकार कायद्यानें दिलेला आहे. पण सभागृहच भरत नसेल तर तो अधिकार कागदावर राहतो.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, तुम्ही सर्व दोष वडिलांच्या माथीं मारतां. तरुणांचे म्हणून कांहीं दोष नाहींतच काय? आहेत, आणि ते लहान नाहींत. मत देण्याची त्यांना घाई असते, काम करण्याची तेवढी नसते. अन्यायाविरुद्ध चार ओळी लिहून त्या क्षणांत हजारों लोकांस पाठवितां येतात, म्हणून अन्याय दूर झाल्याचें समाधानही क्षणांतच मिळतें. सभेचा वृत्तांत लिहिणें, पावत्या जपून ठेवणें, न आलेल्या सभासदाच्या घरीं पुनः पुनः जाणें, या कंटाळवाण्या कामांवर संस्था उभ्या असतात, हें त्यांस पटत नाहीं. शिवाय आमच्या पेठेंतील हुशार मुलें बारावी होतांच पुण्यास, बंगळूरास, पुढें अमेरिकेस जातात आणि दिवाळीस चार दिवस येतात. जो येथें राहणारच नाहीं तो येथील उद्यांचें नेतृत्व काय करणार? हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु येथें कोणतीच गोष्ट ज्यांच्या स्वाधीन केलेली नाहीं, त्यांनीं येथें कशासाठीं गुंतावें, हेंही पाहिलें पाहिजे. मनुष्य जेथें जबाबदार असतो तेथें त्याचीं मुळें धरतात. जेथें तो केवळ पाहुणा असतो तेथून तो सहज उठतो.

आणि तरुणांस काम नको असतें म्हणावें तर तेंही खरें दिसत नाहीं. पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर दीक्षाभूमि आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं तेथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लाखों अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हांपासून दरवर्षीं त्या निमित्तानें तेथें लाखों माणसें लोटतात. त्या दिवशीं तेथें जाऊन पाहावें. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक रांगा लावीत असतात. कोणी पाणी देतो, कोणी चुकलेल्या मुलाला घेऊन ध्वनिक्षेपकाकडे धांवतो, कोणी रात्रभर पुस्तकांच्या दुकानांत उभा असतो. यांतले पुष्कळ विद्यार्थी आहेत, आणि आमच्या घरांत असते तशी निराळी खोली त्यांतल्या अनेकांच्या घरीं नसेल. ते तयार आहेत काय, असें त्यांस कोणी विचारीत बसत नाहीं. काम समोर असतें, माणसें आपलीं असतात, आणि जो हात पुढें येतो त्यास तें सोंपविलें जातें.

आतां आरंभीं सांगितलेली गोष्ट. आमच्या गल्लींतील रहिवाशांचें एक लहानसें मंडळ आहे. त्याची मालमत्ता म्हणजे एक खोली, दोन कपाटें पुस्तकें आणि एक कुलूप. किल्ली पुष्कळ वर्षें आमच्या वयाच्या मंडळींकडेच. २०२१ सालच्या एप्रिलांत करोनाच्या दुसऱ्या लाटेनें नागपूर शहर हलवून सोडलें. दवाखान्यांच्या या पेठेंत दवाखान्यांतच खाट मिळेना. आम्ही वृद्ध मंडळी दारें लावून घरांत बसलों. तेव्हां गल्लींतील पांच-सहा मुलें-मुली आलीं, दाराबाहेर उभें राहून त्यांनीं किल्ली मागितली, आणि आम्हीं ती खिडकींतून त्यांच्या हातीं टाकली. पुढील सहा आठवडे त्या खोलींतून गल्लीचा संसार चालला. कोणत्या घरीं डबा पोंचवावयाचा, कोणाला औषध, कोठें खाट रिकामी, कोणाकडे प्राणवायूचें नळकांडें, हें सर्व तीं मुलें पाहत होतीं. त्यांची एकदां चूकही झाली. एका वृद्ध दांपत्याचा डबा दुसऱ्यानें नेला असेल असें दोघांनाही वाटलें, आणि तीं दोघें त्या रात्रीं उपाशीं राहिलीं. दुसऱ्या दिवशीं मुलांनीं आपण होऊन तें वहींत लिहिलें, त्या दारीं जाऊन क्षमा मागितली, आणि डबा पोंचल्यावर फोन करून खात्री करून घेण्याची पद्धति त्या दिवसापासून सुरू केली. वर सांगितलेले नेतृत्वाचे तिन्ही भाग त्या एका वहींत होते. आम्हीं ते त्या वेळीं वाचले नाहींत.

साथ ओसरली. वर्गणींतले कांहीं हजार रुपये उरले होते. त्यांतून गल्लीसाठीं प्राणवायूचें एक यंत्र घ्यावें आणि खोली रात्रीं अभ्यासासाठीं उघडी ठेवावी, असें मुलांनीं सुचविलें. आम्हीं सभा भरविली, मुलांना शाल-श्रीफळ दिलें, चार शब्द गौरवाचे बोललों, आणि किल्ली परत घेतली. हिशेबांत दोन पावत्या कमी होत्या. पैसा लोकांचा, तो जाणत्यांच्या हातीं असलेला बरा, असें ठरलें. रक्कम बँकेंत मुदतीच्या ठेवींत गेली. पुढच्या वार्षिक सभेस त्यांपैकीं एकही मूल आलें नाहीं, आणि आम्हीं आपल्या हातानें वृत्तांतांत लिहिलें, ‘तरुणांमध्यें निरुत्साह दिसून आला.’ कांहीं महिन्यांनीं त्यांतली एक मुलगी वाटेंत भेटली असतां आम्हीं तिला, अगदीं वडीलकीच्या स्वरांत, विचारलें कीं तुम्ही मंडळी पुढें कां येत नाहीं. पुढें सर्व तुम्हांलाच पाहावयाचें आहे, त्याची कांहीं तयारी नको काय? ती शांतपणें म्हणाली, "काका, आम्ही तयार होतों तेव्हां किल्ली तुम्ही मागून घेतली. आतां तयारी कशाची विचारतां?" तिच्या बोलण्यांत राग नव्हता, असता तर आम्हांस उत्तर सुचलें असतें.

या प्रकारानें आम्हांस विचार करावयास लाविलें, पण विचारांतीं सर्व शंका फिटल्या असें नाहीं. आमच्या मंडळांतील एका स्नेह्यांचें म्हणणें अद्यापि कानांत आहे. ते म्हणतात, "शिकावयाचें असेल तर स्वतःच्या पैशानें शिकावें; लोकांच्या पैशानें, लोकांच्या जिवावर शिकण्याचा अधिकार कोणी दिला?" हा खरा नैतिक प्रश्न आहे, आणि तो हसण्यावारी नेतां येणार नाहीं. त्या रात्रीं उपाशीं राहिलेल्या दांपत्यास, मुलें यांतून शिकलीं, हें सांगून त्यांची भूक कशी भागणार? आमचें उत्तर एवढेंच आहे. दुसऱ्याच्या जिवावर शिकण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. पण दुसऱ्यासाठीं काम करावयाचें म्हटलें कीं त्यांत चूक संभवतेच, मग करणारा वीस वर्षांचा असो कीं सत्तर वर्षांचा. भेद असा कीं, तरुणाच्या चुकीला आपण चूक म्हणतों आणि आपल्या चुकीला अडचण म्हणतों. दोन पावत्या हरवल्या ही मुलांची चूक होती. प्राणवायूचें यंत्र न घेतां पैसा बँकेंत ठेवून दिला, ती कोणाची होती? तिच्यासाठीं आम्हीं कोणाच्या दारीं जाऊन क्षमा मागितली?

चूक टाळतां येत नसेल तर ती लहान राहील अशी व्यवस्था करतां येते. काम आधीं लहान द्यावें, मग मोठें. मात्र दिलें म्हणजे पुरतें द्यावें, किल्लीसकट द्यावें. हिशेब कडक घ्यावा, कारण हिशेब न घेणें हाही एक प्रकारचा अपमानच आहे. ज्यास आपण बरोबरीचा समजतों त्यालाच आपण जाब विचारतों. दोष दिसला तर रामशास्त्र्यांसारखा तोंडावर सांगावा, चारचौघांत कुजबुजूं नये. आणि चुकीचा बोल आला तर, "आम्हींच यांना नेमलें होतें," असें म्हणून त्यांच्याबरोबर उभें राहावें. शस्त्रक्रियेच्या टेबलापलीकडे हात मागें ठेवून उभे राहणारे जे गुरुजी, त्यांची जागा हीच. ती सुरी चालविण्याहून सोपी आहे असें कोणी समजूं नये.

तेव्हां आजचे तरुण उद्यांच्या नेतृत्वास सिद्ध आहेत काय? या प्रश्नास होय किंवा नाहीं असें उत्तर घरबसल्या देतां येत नाहीं, असें आतां आम्हांस वाटतें. तें काम देऊनच पाहावें लागतें. आणि देणारा किती सिद्ध आहे हेंही त्याच वेळीं कळून येतें.

येत्या वार्षिक सभेंत आम्ही एक ठराव मांडणार आहों. मंडळाची किल्ली आणि बँकेच्या पुस्तकावरील सह्या तिशीच्या आंतील दोघांच्या स्वाधीन कराव्या, दर तिमाहीस त्यांनीं हिशेब द्यावा, आणि पहिल्या वर्षीं जी तूट येईल ती आम्ही वडील मंडळींनीं भरून द्यावी, असा तो आहे. आमच्या स्नेह्यांनीं विरोध करण्याचें जाहीर केलें आहे, तो त्यांचा अधिकार आहे. त्या मुलीच्या घरीं आम्ही स्वतः जाऊन सभेचें बोलावणें दिलें, आणि त्या जुन्या वृत्तांतांतील तें वाक्य आमचें चुकलें होतें, हेंही सांगितलें. तिनें ऐकून घेतलें. येतें किंवा येत नाहीं असें कांहींच म्हटलें नाहीं. सभा रविवारीं सकाळीं दहा वाजतां आहे. खोली आम्ही साडेनऊलाच उघडून बसूं.